अण्णा आणि

"जनतेला एकही वाक्य नाही?" आत्याने हातातली नाटकाची वही टेबलावर आपटली. "तीन आठवडे मी दोन-दोन बस बदलून इथं येतेय, ते नुसतं उभं राहायला?"

"आत्या, जनतेचं मौन दाखवायचंय," बारकी म्हणाली.

"मौनच पाळायचं असतं तर मी घरी बसले नसते का? आणि कुठली जनता गप्प बसते गं? माझ्या बसमधली जनता ऐक एकदा. कान किटतील तुझे."

बारकी म्हणजे आत्याच्या धाकट्या भावाची मुलगी, वय एकवीस, घरात सगळ्यांत उंच. नाव मात्र जन्माच्या वेळच्या वजनावरून पडलं ते पडलंच. नाटकाची कल्पना तिची आणि नियमही तिचाच: ज्याच्या तोंडी वाक्य, त्यानेच ते लिहायचं. एकट्याने नाटक लिहिलं तर पकडायला एकटा सापडतो, सगळ्यांनी मिळून लिहिलं तर कुणाकुणाला पकडणार, असा तिचा विचार. विचार चांगलाच होता. त्यात घरच्या माणसांचे स्वभाव तेवढे धरायचे राहून गेले होते.

तालीम घरच्या छापखान्यात चाले. महिन्याभरात बाजार चार वेळा बंद झाला होता, संध्याकाळी सहानंतर संचारबंदी असे, आणि लग्नपत्रिका छापायला कुणी येत नव्हतं, त्यामुळे दुपार सगळ्यांनाच मोकळी होती. मोठ्या यंत्रावर चादर टाकून त्याचं मंत्र्याचं व्यासपीठ केलं होतं. मंत्री झाली होती बारकीची आई. ती शाळेत पाचवीला गणित शिकवायची, म्हणून सगळे तिला मास्तरीणबाई म्हणत. "राज्यात सर्वत्र शांतता आहे" हे वाक्य ती अशा आवाजात म्हणे, की समोरची जनता न सांगता हाताची घडी घाली. मंत्रिपद तिला भलतंच मानवलं होतं. दर तालमीला तिचं भाषण चार ओळींनी वाढत होतं.

"अगं, मंत्री इतकं बोलत नाहीत," धाकटा म्हणाला.

"तुम्ही सगळं छापता, पण पेपर वाचत नाही असं दिसतंय," ती म्हणाली आणि आणखी दोन ओळी वाढवल्या.

तेव्हा धाकटा आणि आत्या एका बाजूला झाले आणि दोघांनी मिळून मंत्र्याचं भाषण अर्ध्यावर आणलं. मग मास्तरीणबाई आणि बारकी एका बाजूला झाल्या आणि त्यांनी पोलीस झालेल्या धाकट्याचा लाठीमार कमी केला, कारण त्यात झाडू मोडत होते. आत्याने मधल्या वेळात जनतेला गुपचूप सात वाक्यं घातली. वही हातोहात फिरत होती आणि जो तो दुसऱ्याचं खोडत होता.

शेवटी वही जाई कोपऱ्यातल्या अण्णांकडे. अण्णा एक्याऐंशी वर्षांचे. छापखाना त्यांनीच काढलेला, आणि साठ वर्षं प्रुफं तपासण्यात गेलेली. शब्दावर रेघ आणि समासात शेपटीची खूण म्हणजे काढा. शब्दाखाली टिंबं म्हणजे राहू द्या, हात लावू नका. या घरातली मुलं या खुणा बाराखडीच्या आधी शिकत. मास्तरीणबाईने साखर वाढते म्हणून वाण्याच्या यादीतली बिस्किटं खोडली, की तासाभरात बिस्किटांखाली टिंबं आलेली असत. नाटकाच्या वहीतही अण्णांनी तेच चालवलं होतं. कुणीही काहीही खोडो, ते भिंग लावून वाचत आणि खाली टिंबं देत.

"अण्णा, सगळंच राहू द्यायचं तर नाटक पाच तासांचं होईल," बारकी कुरकुरली.

"होऊ दे. सहाला संचारबंदी आहे, एकला सुरू करा."

एका पानाला मात्र कुणीच हात लावला नव्हता. ते शेवटचं पान. दोन महिन्यांपूर्वी घड्याळाच्या चौकात पोलिसांनी विद्यार्थ्यांवर अश्रुधूर सोडला आणि कॉलेज बंद केलं, त्या दिवशी एकोणीस मुलामुलींना गाडीत घालून नेलं. त्यातलं कुणी परत आलं नव्हतं. वर्तमानपत्रात आलं, ‘काही जणांना ताब्यात घेण्यात आले.’ अण्णांनी त्यातल्या ‘काही’भोवती तीनदा गोल केला होता. "काही म्हणजे किती? असलं प्रूफ मी परत पाठवलं असतं." बारकीच्या बाकावर बसणारा मुलगा त्या एकोणिसांत होता. त्याची आई शिवणकाम करायची. तिने बारकीचा हात धरून एवढंच म्हटलं होतं, "माझ्या मुलाचं नाव ‘काही’ नाही गं." बारकीने तिला शब्द दिला होता की चारचौघांसमोर, मोठ्याने, एकदा तरी ती त्याचं नाव घेईल. नाटकाच्या शेवटी एकोणीस नावं वाचायची होती. नाटक त्यासाठीच होतं, बाकी सगळं तिथवर पोचायची वाट.

आणि वाटेत एक कारकून होता. कारकुनाचं कामही धाकट्याने स्वतःकडे घेतलं होतं. हा कारकून कपाळावर चष्मा ठेवून चष्मा शोधतो, जो कागद दिसेल त्यावर शिक्का मारतो, आणि शेवटी चुकून स्वतःच्या जेवणाच्या डब्यावर ‘नामंजूर’ उमटवतो. कारकून कोण, हे कुणाला विचारायची गरज नव्हती.

"तो माझाही भाऊ आहे," आत्या गंभीरपणे म्हणाली. "त्याची अशी थट्टा मला पसंत नाही." मग थोडं थांबून, "तो जिना चढताना पायऱ्या मोजतो, ते घाल."

हा भाऊ म्हणजे अण्णांचा थोरला. परवाना कचेरीत कारकून म्हणून लागला आणि कारकून म्हणूनच निवृत्तीला आला होता. घरात त्याला पाठीमागे शिक्का म्हणत. अकरा वर्षांपूर्वी धाकट्याने शिक्षकांच्या संपाचं पत्रक छापलं, तेव्हा छापखान्याला तीन महिने सील लागलं होतं, आणि दारावर चिकटवलेल्या हुकमाखाली सही थोरल्याची होती. त्या दिवसापासून भाऊ भावाशी बोलला नव्हता.

सील निघालं त्या सकाळी धाकट्याने पाटी रंगवणाऱ्याला बोलावलं. पाटीवर होतं, ‘अण्णा आणि मुलगे’. त्यातलं ‘मुलगे’ खरवडून ‘मुलगा’ करायचं होतं. रंगारी शिडीवर चढला, ‘मुलगे’ खरवडलं, आणि तेवढ्यात अण्णा बाहेर आले. "मला दोन मुलगे आहेत. मला मोजता येतं," म्हणाले. रंगारी डबा घेऊन खाली उतरला तो पुन्हा चढला नाही. धाकटा ‘मुलगे’ लावू देईना आणि अण्णा ‘मुलगा’ लावू देईनात. पाटीवर राहिलं ‘अण्णा आणि’. प्रत्येक छापील कागदाच्या तळाला छापखान्याचं नाव घालावं लागतं, तिथेही अकरा वर्षं ‘अण्णा आणि’ एवढंच जात होतं. नवे लोक ‘आणि’ हे आडनाव समजत. पोस्टमन तर सरळ "आणिसाहेब आहेत का?" असं विचारी, आणि धाकटा निमूटपणे "आहेत" म्हणून सही करी.

आता प्रयोगाला परवानगी लागणार होती, आणि नाटकाची प्रत जाणार होती त्याच कचेरीत, त्याच टेबलावर.

*

शिक्क्याने प्रत हातात घेतली आणि आधी नाकाला लावली. आपल्या छापखान्याची शाई, त्याच्या मनात आलं. मग त्याने मनातल्या मनात ‘आपल्या’ खोडून ‘त्यांच्या’ केलं.

निवृत्तीला चार महिने होते. परवाना कचेरीच्या दुसऱ्या मजल्यावर तो खिडकीपासून लांब बसे. कारकुनाचा प्रवेश त्याने दोनदा वाचला. पायऱ्या मोजण्यापाशी तो पुटपुटला, "ही माझी बहीण." डब्यापाशी त्याला हसू आलं आणि त्याने ते खोकून झाकलं. मग कंसातली सूचना वाचली, ‘कारकून शिक्का मुठीत धरतो,’ आणि त्याला खरोखर राग आला. "मुठीत? शिक्का मुठीत कोण धरतं?" नीट दिसावं म्हणून त्याने चष्मा शोधायला हात वर नेला. चष्मा कपाळावर होता.

"तुमच्या घरचंच ना हे?" वरचे साहेब येऊन समोर बसले. साहेब त्याच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान होते. "म्हणूनच तुमच्याकडे दिलं. पक्षपात केला असं कुणी म्हणायला नको. घ्या पेन्सिल."

साहेब वाचत आणि बोट ठेवत, शिक्का त्या शब्दांखाली टिंबं देई. कचेरीत हल्ली खोडायची बंदी होती. गेल्या वर्षी एका नाटकावर तांबड्या रेघा मारल्या, तर त्या पानाचा फोटो वर्तमानपत्रात झळकला आणि साहेबांना वरून बोलणी बसली. तेव्हापासून तोंडी हुकूम होता: रेघ मारायची नाही, फक्त टिंबं द्यायची, टिंबं कशी सौम्य दिसतात. टिंबं म्हणजे वगळा, हे अर्जदाराला तोंडी सांगायचं. कागदावर ते कुठेही येऊ द्यायचं नव्हतं.

मंत्र्याच्या भाषणाखाली टिंबं पडली. लाठीमाराखाली पडली. कारकुनाकडे आल्यावर साहेब जरा घुटमळले. "हे ठेवायचं का? तुम्हाला वाईट वाटत असेल तर..."

"द्या की टिंबं," शिक्का म्हणाला, आणि स्वतःच दिली.

मग शेवटचं पान आलं. "ही नावं," साहेब म्हणाले. "सगळी."

शिक्क्याने एकोणीस नावांखाली टिंबं दिली. घाई केली नाही. नावातल्या एकेका अक्षराखाली एकेक टिंब, सारख्या अंतरावर. मग पानं चाळताना नवव्या पानावर त्याला ‘शांतता’ हा शब्द चुकून दोनदा पडलेला दिसला. त्याने दुसऱ्यावर रेघ मारली आणि समासात शेपटीची खूण केली.

"अहो, रेघ कशाला?"

"शुद्धलेखन आहे साहेब. सवय जात नाही."

"बरं. पत्रात काय लिहू? ‘टिंबांकित मजकूर वगळून’?"

"‘वगळून’ नको साहेब, गेल्या वर्षीचं आठवतंय ना? ‘प्रतीवरील खुणांनुसार प्रयोगास परवानगी देण्यात येत आहे.’ एवढं पुरे."

"वा," साहेब म्हणाले. "अनुभव तो अनुभव."

*

टपालाने प्रत आली तेव्हा बारकीने ती उभ्याउभ्या उघडली, शेवटचं पान आधी काढलं आणि खाली बसली. एकोणीसच्या एकोणीस नावांखाली टिंबं होती. कचेरीची टिंबं काय असतात हे आता सगळ्या नाटकवाल्यांना माहीत झालं होतं.

"बघितलंस? हा तुझा काका," धाकटा म्हणाला. "अकरा वर्षांपूर्वी दार बंद केलं, आता तोंड बंद करतोय. आणि टिंबं किती जीव लावून दिलीत बघ."

"माझं भाषण अख्खं गेलं," मास्तरीणबाई म्हणाली. तिचा स्वर दुःखाचा होता, पण मान जरा ताठ झाली होती.

आत्या पानं उलटत होती. एकदा उलटून झाली, पुन्हा उलटली. "माझ्या एकाही वाक्याखाली टिंब नाही," ती शेवटी म्हणाली.

"मग चांगलंय की," धाकटा म्हणाला.

"चांगलं काय त्यात? वहिनीच्या भाषणाला सरकार घाबरतं, तुझ्या झाडूला घाबरतं, आणि मी सात वाक्यं बोलते तर कुणाला काहीच वाटत नाही? सख्खा भाऊ असून त्याने मला एक टिंब देऊ नये?"

बारकीला हसावं की रडावं कळेना. तिने रडायचं ठरवलं. शिवणकाम करणाऱ्या त्या बाईने सगळ्या एकोणीस घरांत निरोप दिला होता, ते सगळे रविवारी येणार होते. त्यांना काय सांगायचं?

प्रत फिरत फिरत अण्णांकडे गेली. त्यांनी भिंग काढलं आणि पहिल्या पानापासून सावकाश वाचायला घेतलं. नवव्या पानावर ते थांबले.

"हे कुणी केलं?"

"काय?"

"‘शांतता’ दोनदा पडलं होतं, ते काढलंय. रेघ, आणि समासात खूण. शेपटी बघ, खाली वळवलेली. अशी शेपटी जगात दोनच माणसं काढतात. एक मी."

सगळे नवव्या पानावर वाकले.

"आता ऐका. काढायची खूण त्याला येते, आणि जिथं काढायचं तिथं त्याने ती केलीय," अण्णा म्हणाले. "बाकी सगळीकडे टिंबं आहेत. धाकट्या, शब्दाखाली टिंबं म्हणजे काय?"

"अण्णा, ते कचेरीचं टिंब आहे."

"मी काय विचारलं?"

"राहू द्या," धाकटा म्हणाला. लहानपणी पट्टीच्या भीतीने म्हणायचा तसंच ते निघालं.

"आणि पत्रात काय आहे? खुणांनुसार. ‘वगळा’ आहे कुठं? हे प्रूफ आहे. तपासून परत आलेलं."

मग जो गोंधळ उडाला त्यात तालीम बुडाली. बारकी आणि अण्णा एका बाजूला, धाकटा दुसऱ्या, आणि मास्तरीणबाई गणिताप्रमाणे आधी इकडून मग तिकडून सोडवून बघत होती. शेवटी ठरलं की आत्याने कचेरीत जाऊन भावाचा अंदाज घ्यावा. उघड विचारायचं नाही, आडून विचारायचं.

आत्याला आडून विचारणं जन्मात जमलेलं नव्हतं. वाटेत तिने चार वाक्यं पाठ केली, कचेरीच्या जिन्यावर ती विसरली, आणि भावाच्या टेबलासमोर उभी राहून खणखणीत आवाजात म्हणाली, "दादा, मी टिंबांसाठी आलेली नाही."

शिक्क्याच्या शेजारच्या खुर्चीत वरचे साहेब बसले होते. त्यांनी मान वर केली.

"अच्छा, त्या नाटकाच्या ना तुम्ही? यांना टिंबांचं तोंडी सांगितलंत का?"

"सांगतोच आहे," शिक्का म्हणाला. अकरा वर्षांत त्याने बहिणीकडे इतकं सरळ पाहिलं नव्हतं. "बाई, घरी जाऊन अण्णांना सांगा, टिंबांचा अर्थ त्यांना ठाऊक आहे तोच. त्यात काडीचाही बदल नाही. कळलं?"

"कळलं," आत्या म्हणाली. तिला काहीच कळलं नव्हतं.

साहेबांनी समाधानाने मान डोलावली.

"आणि दादा, माझ्या वाक्यांना एकपण..."

"पुढचा अर्ज!" शिक्का म्हणाला.

आत्याने निरोप जसाच्या तसा आणला. अण्णांनी तो दोनदा म्हणायला लावला आणि दुसऱ्या खेपेला त्यांचा चेहरा उजळला. धाकट्याचा नाही उजळला.

"दोन्हीकडून सुटायची सोय आहे ही," तो म्हणाला. "उद्या अंगाशी आलं की म्हणेल, मी तर साहेबांसमोर सांगितलं होतं. आणि आत कोण जाईल? माझी पोरगी जाईल. अण्णा, या दारावर त्याची सही होती. मी तीन महिने रोज वाचलीय ती."

"होती," अण्णा म्हणाले. "ती सही खरी होती. तेव्हा तो घाबरला, त्याने सही केली, आणि ते चूक होतं. मी कधी नाही म्हणालो? पण माणूस अकरा वर्षं तेवढाच घाबरलेला राहत नाही रे."

"बाबा, मी वाचणार," बारकी म्हणाली. "काकाने काहीही ठरवलेलं असो. फक्त तुम्ही माझ्यामागे उभे राहा."

धाकटा यंत्रावरची चादर सारखी करत राहिला. "उभा कुठं राहणार नाहीतर," तो म्हणाला. "दुसरा कारकून आहे का तुमच्याकडे?"

*

रविवारी एक वाजता वाचनालयाचं सभागृह भरलं. धाकटा पडद्याच्या फटीतून पाहत होता. मधल्या दोन रांगांत ती एकोणीस घरं बसली होती, चांगले कपडे घालून, फार न बोलता. पहिल्या रांगेत वरचे साहेब, आणि त्यांच्या शेजारी थोरला, मांडीवर नाटकाची प्रत घेऊन. किती म्हातारा झालाय हा, धाकट्याच्या मनात आलं, आणि त्याला स्वतःचाच राग आला.

मंत्री आल्या, बोलल्या, थांबेचनात. लोक हसायला लागले तशी मास्तरीणबाई आणखी रंगली. साहेबांनी थोरल्याकडे झुकून, हे ठेवलं होतं का, असं विचारलं. थोरल्याने प्रतीत पाहिलं आणि मान डोलावली.

मग कारकून आला. धाकट्याने कपाळावर चष्मा ठेवून चष्मा शोधला. सभागृह हसलं. पायऱ्या मोजल्या, पुन्हा हसलं. मुठीत शिक्का धरून त्याने डब्यावर ‘नामंजूर’ मारलं तेव्हा मागून टाळ्या पडल्या, पण त्याची नजर पहिल्या रांगेवर होती. भाऊ हसत नव्हता, रागावलाही नव्हता. तो दोन्ही हातांनी काहीतरी खुणा करत होता. धाकट्याला आधी वाटलं, थांब म्हणतोय. मग लक्षात आलं, शिक्का कसा धरायचा ते दाखवतोय: अंगठा इकडून, दोन बोटं तिकडून. इतक्या लोकांसमोर! धाकट्याने न कळत पकड बदलली. पुढचा शिक्का खाडकन बसला.

जनतेने आपली सात वाक्यं म्हटली. आठवं वहीत नव्हतं. आत्या पुढे आली, साहेबांकडे बोट केलं आणि म्हणाली, "आम्हाला सगळं दिसतंय. पहिल्या रांगेतलं तर जास्तच." मग टिंब मिळवल्याच्या समाधानाने मागे सरली.

बारकी शेवटचं पान घेऊन पुढे आली. सभागृहात खुर्ची वाजेना. तिने पहिलं नाव घेतलं.

"अहो," साहेबांची कुजबुज तीन पावलांवरच्या धाकट्याला स्वच्छ ऐकू आली. "ही तर टिंबांची नावं."

"हो साहेब. खुणांनुसार चाललंय सगळं."

"टिंबं म्हणजे वगळायचं!"

"असं लेखी कुठं आहे?"

दुसरं नाव, तिसरं, चौथं. मधल्या रांगांत एकेक माणूस उठून उभं राहत होतं.

"तुम्ही तोंडी सांगितलंत ना त्यांना? माझ्यासमोर?"

"सांगितलं ना. छापखान्यातली माणसं आहेत, साहेब. त्यांच्यात टिंबं म्हणजे राहू द्या."

नववं. दहावं.

"थांबवा हे! ताबडतोब!"

"जरूर. हुकूम लेखी द्या." थोरल्याने खिशातून कचेरीचा शिक्का काढला, अंगठा आणि दोन बोटांत धरला आणि तयार राहिला. "‘नावे वाचण्यास मनाई’ असं लिहा, खाली सही करा. मी इथंच शिक्का मारतो."

साहेबांनी पेन काढलं. पेनचं टोपण काढलं. कागद मांडीवर घेतला आणि कागदाकडे बघत राहिले. सहीची जागा त्यांना फार स्पष्ट दिसत असावी. पंधरावं नाव झालं, सोळावं झालं. बारकीचा आवाज अठराव्याला फाटला. धाकटा कारकुनाच्या वेषातच पुढे गेला आणि तिच्यामागे उभा राहिला. तिने एकोणिसावं नाव घेतलं.

शिवणकाम करणारी बाई उभी राहिली. "हो," ती म्हणाली. "तो माझा."

साहेबांनी पेनला टोपण लावलं.

*

दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात ‘काही’ नव्हतं. ‘ताब्यातील एकोणीस जणांची नावे नाटकात वाचली,’ असं आलं होतं. अण्णांनी ‘एकोणीस’खाली रेघ मारून कात्रण भिंतीवर लावलं. एकोणीस घरांनी पुढच्या रविवारचा प्रयोगही मागून घेतला होता.

मंगळवारी दुपारी थोरला छापखान्याच्या दारात येऊन उभा राहिला. अकरा वर्षांनी आत येताना पायऱ्या किती हे त्याला आठवत होतं, तीन. त्याने मोजल्याच. मग सरळ अण्णांसमोर एक कागद ठेवला. चौकशी होईपर्यंत त्याला कामावरून दूर केलं होतं.

अण्णांनी भिंग लावलं. "‘निलंबित’ चुकलंय. पहिली वेलांटी दीर्घ केलीय."

"माहितीय. मी त्यांना सांगितलं, दुरुस्त करून द्या. म्हणाले, घेऊन जा."

"आता पुढं काय रे, दादा?" आत्याने विचारलं. तिचे डोळे भरून आले होते.

"पुढं काय! चौकशीत साहेबांना लिहून द्यावं लागेल की टिंबं म्हणजे वगळा. ते लिहिणार नाहीत. चार महिने असेच जातील आणि मी निवृत्त होईन." त्याने घसा साफ केला. धाकटा यंत्रामागे उभा होता, त्याच्याकडे न बघता तो म्हणाला, "अकरा वर्षांपूर्वीही मला तेव्हाच्या साहेबांकडे लेखी हुकूम मागता आला असता. सुचलं नाही. नाही, सुचलं होतं. भीती वाटली."

यंत्रामागून एक खण ओढल्याचा आवाज आला.

"रविवारच्या प्रयोगाला कारकून पाहिजे," धाकटा आतूनच म्हणाला. "मला जनतेत घ्या. जनतेला वाक्यं वाढलीत."

"पण शिक्का मुठीत धरणार नाही मी," थोरला म्हणाला.

"नको धरू."

धाकटा प्रयोगाच्या पत्रकाची जुळणी करत होता. शिशाच्या अक्षराचा एकेक खिळा बसवून झाला, तळाची ओळ आली, आणि त्याने खणातून दोऱ्याने बांधलेली एक लहानशी पुडी काढली. काम झालं की खिळे सुटे करून आपापल्या खणांत टाकायचे असतात. छापखान्यातला हा पहिला धडा. ‘मुलगे’चे खिळे त्याने अकरा वर्षांपूर्वी काढले होते आणि सुटे केलेच नव्हते. दोरा इतका जुना की हात लावताच तुटला.

पहिलं प्रूफ निघालं. थोरल्याने ते उचललं, उजेडाकडे धरलं, चष्मा शोधला, सापडला.

"‘गे’ वाकडा बसलाय."

"खिळा झिजलाय. बदलतो."

"आण इकडे, मी बसवतो. तुला कधी..."

"मला कधी काय?"

"दोघंही गप्प बसा," अण्णा म्हणाले. त्यांनी प्रूफ ओढून घेतलं, भिंग ठेवलं, पेन्सिलीला टोक आहे का ते पाहिलं, आणि वाकड्या ‘मुलगे’खाली, एकेका अक्षराखाली एकेक, टिंबं दिली.